केवळ रंगसंगतीचे प्रयोग

तांडेलबाईंना कुणी "छान चित्र काढलंय" म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, "कसलं?" समोरच्याची पंचाईत व्हायची. कारण त्यांच्या चित्रात झाड नसे, माणूस नसे, होडीसुद्धा नसे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि त्यावर काठापासून काठापर्यंत भरलेला एकच रंग. फार तर एका कोपऱ्याकडे तो जरा दाट झालेला. "नाही, म्हणजे, रंग छान आहे," असं म्हणून माणूस सुटका करून घ्यायला लागला की बाई म्हणायच्या, "रंग छान नाहीये. नीट बघा."

बोईसरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायचो, तिथे जयवंती तांडेल चित्रकला शिकवायच्या. ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा, सुती साडी आणि पायात कायम रबरी चप्पल. चिंचणीच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. वडील नाखवा होते, ते गेल्यावर होडी भावाकडे आली आणि बाई पहिल्या एसटीने शाळेत यायला लागल्या. डब्यात भाकरी आणि सुका जवळा. डबा उघडला की शिक्षकखोलीतले दोघेतिघे हळूच पलीकडच्या बाकावर सरकायचे. मी मूळचा घाटावरचा, मासळीतलं मला काही कळत नव्हतं, पण सरकायचं मनात आलं नाही. आमची ओळख ती एवढ्यावरच झाली.

त्यांना रंगांची नावं चालत नसत. मी एकदा "तो हिरवा कागद द्या" म्हणालो तर म्हणाल्या, "कुठला हिरवा?" त्या स्वतः रंग सांगायच्या तो असा: भिजलेल्या जाळ्याचा. शिळ्या चहाचा. बोंबील दोन दिवस वाळल्यावर शेपटीकडे येतो तो. एका नव्या शिक्षकाने मजा करायची म्हणून विचारलं, "बाई, माझ्या शर्टाचा रंग कोणता?" बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर घालायचा." तो शिक्षक पुढे कितीतरी दिवस तो शर्ट घालून आला नाही.

एकदा सातवीच्या वर्गात त्यांनी मुलांना सांगितलं की आज आंबा नको, डोंगर नको, सूर्य नको. घरातून निघताना सगळ्यात आधी जो रंग दिसला तो अख्ख्या कागदावर भरायचा. नेमके तेव्हाच आमचे मुख्याध्यापक सावे सर वर्गावर फेरी मारायला आले. सावे सर म्हणजे भला माणूस, पण निवृत्ती जवळ आलेली आणि कुठल्याही कागदाची धास्ती. त्यांनी बाकांवरचे कागद पाहिले. राखाडी, मळकट पिवळे, विटकरी, पुन्हा राखाडी.

"बाई, हा काय प्रकार? परीक्षेला वस्तुचित्र असतं."

बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला. त्या मुलीचे वडील उत्तर प्रदेशातून आलेले, औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. अख्खा कागद डोळ्यांत खुपेल असा गडद गुलाबी. सावे सरांनी विचारलं, "बेटा, ये क्या है?"

"पापा के हाथ," मुलगी म्हणाली. "रात की पाली से आते हैं तो ऐसे रहते हैं. धोने से नहीं जाता."

सावे सरांनी तो कागद बाकावर उपडा ठेवला आणि निघून गेले. मला त्यांनी नंतर गाठून सांगितलं, "या बाईंना जरा समजवा. चित्रातून काहीतरी निघायला लागलं तर आपण कुठे जायचं?"

ती पोस्टकार्डं बाईंनी का सुरू केली, हे मला उशिरा कळलं. खाडीत मासे मरून वर येऊ लागले त्याला बरीच वर्षं झाली होती. वरून नाल्याने काही तरी येई, कधी लालसर, कधी फेसाळ निळं. पाणी कोण सोडतं ते गावाला ठाऊक होतं असं गाव म्हणे, पण दाखवायचं कसं? बाईंनीच सुरुवातीचे तक्रारअर्ज लिहिले होते. अर्ज गेला की पाहणीला माणसं यायची, बाटलीत पाणी भरून न्यायची, आणि काही आढळलं नाही असं कळवायची.

"भरती दिवसातून दोनदा येते सर," बाई मला म्हणाल्या. "साहेब तिसऱ्या दिवशी येतात. काय आढळणार?"

मग गावातल्या एकाने मोबाईलवर पाण्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला, कारखान्याचं नाव लिहून. त्याला बदनामीची नोटीस आली. त्याने फोटो काढून टाकला, माफी लिहून दिली, आणि त्यानंतर गावात कुणी मोबाईल खाडीकडे धरेना. त्याच आठवड्यात बाईंनी पहिलं कार्ड रंगवलं. रोज सकाळी एसटीच्या आधी त्या बंदरावर जायच्या, पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि जो रंग असेल तो मिसळून कार्डावर भरायच्या. कधी एका फटक्यात जमे, कधी चार कार्डं फुकट जात. कारखान्याचं नाव नाही, खाडीचं नाव नाही. मागे फक्त तिथी लिहायची. तारीख नाही, तिथी.

"तिथी का?" मी विचारलं.

"आमच्याकडं तारखेला कोण विचारतो? अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाला पाणी हलत नाय. घाण आली की बसून राहते. आमच्या बायांना तिथी सांगा, त्या दिवशी जाळ्यात काय आलं ते सांगतील." घरचं बोलायला लागल्या की त्यांचा 'नाही' आपोआप 'नाय' व्हायचा. मग म्हणाल्या, "चित्रात मेलेला मासा काढला असता तर मला पण नोटीस आली असती. रंगाला कशी देणार?"

मी भाषेचा माणूस. मला तेव्हा ते ऐकून वाटलं, हे फार शहाणपणाचं आहे. आपण शब्दात सापडतो, या बाई सापडणार नाहीत.

दोन वर्षांनी पालघरला जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरलं. प्रत्येकाने दोन-तीन चित्रं आणली होती: वारली नाच, बैलगाडी, मावळतीचा समुद्र. बाईंनी एक अख्खी भिंत मागून घेतली आणि सगळी कार्डं तिथीवार रांगेत लावली. खाली चित्राच्या नावाच्या पट्टीवर लिहिलं, 'अनाम'. मी मदतीला गेलो होतो. सगळं लावून झाल्यावर लांबून पाहिलं तेव्हा ती भिंत खरोखर देखणी दिसत होती, आणि ते देखणेपण मला कुठेतरी टोचलंही होतं, पण मी बोललो नाही.

उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले, सोबत प्रायोजक म्हणून वसाहतीतले काही लोक. ते भिंतीपाशी बराच वेळ थांबले. अधिकारी म्हणाले, "वा. फार शांत वाटतं बघून." प्रायोजकांपैकी एकाने भिंतीसमोर उभं राहून आपला फोटो काढून घेतला. बाई हात बांधून बाजूला उभ्या होत्या. मला वाटलं, झालं, एवढंच होणार.

तेवढ्यात गावातल्या सात-आठ बायका आल्या. बाजार आटोपून सरळ आलेल्या, टोपल्या दाराबाहेर ठेवलेल्या. त्यांच्यात भानुमावशी होत्या. साठीच्या, बाईंच्या शेजारच्या, लहानपणी बाईंना कडेवर घेऊन फिरलेल्या. चित्र कसं बघावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या डावीकडून सुरू झाल्या आणि एकेका कार्डावर बोट ठेवत पुढे सरकल्या. त्यांना अक्षरं येत नव्हती आणि तिथ्या तर कार्डांच्या मागे होत्या, त्या दिसतही नव्हत्या. तरी त्या वाचत होत्या.

"ही दसऱ्याच्या आधीची. तवा पाणी बरं व्हतं." दोन कार्डं पुढे. "ही बघ गो, ही अष्टमी. या दिशी बोय मासे मेले. माझ्या दोन टोपल्या फेकल्या." आणखी पुढे, एका तांबूस काळ्या कार्डापाशी त्या थांबल्या. तिथून त्यांना पुढे जाता येईना. "या दिशी नातू पाण्यात उतरला व्हता," त्या म्हणाल्या. "त्याच्या पायाची कातडी अजून तशीच हाय." मग मान वळवून, मोठे साहेब कोण हे हेरून, त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, तुमाला यो रंग शांत वाटला?"

 अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. प्रायोजक माणसाने ज्याच्याकडून फोटो काढून घेतला होता त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या, हसत नव्हत्या, पण त्यांचे बांधलेले हात सुटले होते. इतकी वर्षं त्या एकट्याच बोलत होत्या आणि पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. तांडेलबाईंना पूर्ण सुखात पाहिलेले मला आठवतात ते तेवढेच काही क्षण.

दुसऱ्या दिवशी दालन बंद होतं. दुरुस्ती, असं दारावर लिहिलं होतं. इतरांची चित्रं आठवड्याभरात परत मिळाली. बाईंची कार्डं एका खोक्यात भरून आली, त्यात बरीच नव्हती. भानुमावशी ज्याच्यापुढे अडल्या ते तर नव्हतंच.

मग शाळेच्या संस्थेकडे शिक्षण खात्याचं पत्र आलं. शिक्षिकेने सार्वजनिक ठिकाणी चित्रांच्या आडून उद्योगांविरुद्ध चिथावणी दिली अशी तक्रार आहे, तरी सदर चित्रांचा अर्थ काय, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत घ्यावा, अन्यथा कारवाई. सावे सरांनी ते पत्र आम्हा दोघांना दाखवलं.

"अर्थ लिहिला तर मी दोषी," बाई म्हणाल्या. "अर्थ नाही म्हटलं तर खोटी."

"खोटी नाही हो," सावे सर म्हणाले. "चित्रच आहेत ती. काहीच काढलेलं नाही त्यात. तेवढंच लिहायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमची भाषा चांगली आहे. बाईंना सांभाळून घेईल असं काहीतरी लिहून द्या. नोकरी गेली तर त्या घराचं काय?"

ते खरं होतं. खाडीतली मासळी संपल्यापासून भावाची होडी बहुतेक दिवस काठावर उभी असे. घर बाईंच्या पगारावर चालत होतं. भाऊ नरेश स्वतः शाळेत आला. रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. खाडीच्या पाण्याबद्दल गावाने नव्याने केलेल्या तक्रारीत त्याचंही नाव होतं. तरी तो म्हणाला, "ताई, सही कर. कागदाला काय, आपल्याला ठाऊक हाय ना काय ते."

मी घरी जाऊन खुलासा लिहिला. 'प्रस्तुत चित्रे ही केवळ रंगसंगतीचे प्रयोग असून त्यांचा कोणत्याही स्थळाशी, घटनेशी, व्यक्तीशी अथवा उद्योगाशी काहीही संबंध नाही.' खोटं कशाला सांगू, ते लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. वाक्य घोटीव उतरलं होतं. एकही फट नव्हती.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "चांगलं लिहिता तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि सही केली.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी गावाच्या त्या तक्रारीवर पालघरला सुनावणी लागली. गावाकडे पुरावा म्हणून होतं काय? पाण्याचे अहवाल, ज्यात काही आढळलं नव्हतं. आणि नरेशने प्रदर्शनाआधीच त्या तक्रारीला जोडलेल्या बाईंच्या कार्डांच्या नकला, प्रत्येकीवर तिथी, आणि त्या त्या तिथीला काय झालं हे सांगायला तयार असलेल्या बायका. रोजची नोंद म्हणावी अशी दुसरी कुठलीच गोष्ट नव्हती. मी रजा टाकून बाईंबरोबर गेलो.

समोरच्या वकिलाने आवाजही चढवला नाही. त्याने एक कागद पुढे केला आणि माझं वाक्य वाचून दाखवलं. सावकाश, स्वल्पविराम घेत. कचेरीत पंख्यांचा आवाज होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. मग त्याने बाईंना विचारलं, "सही तुमची?"

"हो."

"मजकूर?"

 मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. उठून 'मजकूर माझा आहे, दबावाखाली लिहून घेतला' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसलो. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती.

"मजकूरही माझाच," बाई म्हणाल्या.

सुनावणी घेणारे म्हणाले, "मग यांचा विचार आम्ही कसा करायचा?" आणि नकलांचा गठ्ठा बाजूला ठेवला. बायकांना बोलायची वेळच आली नाही. तक्रार निकाली निघाली. बाहेर जिन्यावर भानुमावशी बाईंजवळून खाली उतरल्या, थांबल्या नाहीत. दोन पायऱ्या खाली गेल्यावर, मागे न बघता म्हणाल्या, "आमची अष्टमी पण तू नाय म्हणालीस गो." नरेश भिंतीला टेकून उभा होता. बहिणीला सही करायला त्यानेच सांगितलं होतं, हे तो मावशींना सांगू शकला असता.  आम्ही दोघे पुरुष, बाईंच्या दोन बाजूंना, गप्प.

परतीच्या रिक्षात मी म्हणालो, "माझं चुकलं."

"तुमचं वाक्य चुकलं नाही सर," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, रंगाला पकडता येत नाही. येत नाहीच. पण म्हणून तो कुणाच्याही बाजूने बोलतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बंदरावर त्या पुढे काही दिवस गेल्या. मग गेल्या नाहीत. गावातल्या बायका त्या आल्या की बोलणं थांबवायच्या, म्हणून असेल. किंवा बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून. होड्या एकेक करून विकल्या गेल्या. नरेश वसाहतीत एका फाटकावर रखवालदार म्हणून लागला. कंपनीच्या गणवेशात तो एकदा मला बसथांब्यावर भेटला, तेव्हा टोपी काढून हातात धरून उभा राहिला, जणू ती टोपी दुसऱ्याचीच आहे. नव्या पोरांना भांग कधी आणि उधाण कधी ते सांगता येईना, कारण त्यांना कारखान्यातली पाळी पहिली की दुसरी एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

"ती कार्डं वाचणारी माणसं होती म्हणून ती चित्रं होती," बाई एकदा डबा खाताना म्हणाल्या. "आता ती खरंच रंगसंगती झाली. तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं."

शाळेत त्या आंबा शिकवू लागल्या. किटली, सुरई, पडद्याची घडी, सावली कुठे पडते. मन लावून शिकवायच्या, त्यात कुचराई नाही. पुढच्याच वर्षी शाळेचा चित्रकलेचा निकाल आजवरचा सगळ्यात चांगला लागला. संस्थेने त्यांचा शाल देऊन सत्कार केला. सावे सर भाषणात म्हणाले की बाईंनी शाळेचं नाव उज्ज्वल केलं, आणि ते मनापासून म्हणाले. बाई शाल घेऊन खाली आल्या, घडी मोडू न देता ती खुर्चीवर ठेवली आणि मुलांच्या वह्या तपासायला गेल्या.

मी निवृत्त झालो आणि बोईसरलाच राहिलो. त्यांच्याकडे जायचं दर महिन्याला ठरवायचो. गेलो नाही. तिथे जाऊन मी काय बोलणार होतो, हे मला कधीच सुचलं नाही. आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवलेल्या माणसाची ही गत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या निवडणुकीत. आमच्या प्रभागाचं मतदान केंद्र एका शाळेत होतं. यादीत नाव शोधून झालं, सही केली आणि पुढच्या टेबलाशी गेलो तर शाईची बाटली घेऊन तांडेलबाई बसलेल्या. निवडणुकीच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. केस पांढरे झाले होते. त्यांनी वर न बघताच हात पुढे केला आणि म्हणाल्या, "डावा हात." मग हात हातात आल्यावर वर पाहिलं.

"कशा आहात?" मी विचारलं.

"बरी."

"गावात मतदान कसं आहे?"

"गावातनं कोणी जाणार नाय म्हणालेत. फलक लावलाय वेशीवर. पाणी द्या मग मत घ्या." त्यांनी काडी शाईत बुडवली. "साहेब आले होते समजूत काढायला. तिसऱ्या दिवशी."

"आणि तुम्ही?"

"मी ड्युटीवर."

इतर केंद्रांवर बोटाला शाई फासतात. त्यांनी माझी तर्जनी स्थिर धरली आणि नखाच्या टोकापासून मुळाजवळच्या कातडीपर्यंत एक सरळ, भरीव रेघ ओढली. कडेला एक ठिपकाही सांडला नाही. काडी बाटलीच्या तोंडाला टेकवून निथळवली.

मी तिथेच उभा होतो. काहीतरी म्हणायचं होतं. जिन्यावर म्हणायचं होतं ते, किंवा त्याच्याही आधी, कचेरीत.

"बोट हलवू नका, सुकू दे," बाई म्हणाल्या. "पुढे सरका सर, मागे रांग आहे."

मी सरकलो. यंत्राच्या पुठ्ठ्याआड जाताना मागे पाहिलं, तर त्या वाकून एका म्हाताऱ्या बाईची थरथरती तर्जनी दोन्ही हातांनी धरून, ती थरथर थांबायची वाट बघत बसल्या होत्या.